खुटीवरची चाबी

बस, बस, उठू नोको — चहा प्याच्या आधीच निंगाला का? काकी देवळातून आली का करते चहा. काका हरला म्हनून तोंड दाखवाची लाज वाटते तुले? वाटाले पायजे! सारं तुहंच करनं हाये, गोपाल. बोत्सवानातून सुट्टीवर आला, पुतन्या आला म्हनून मी कोंबडं कापलं, अन् तू काय केलं? ऐन माह्या परचारात ओसरीवर बसून तिकडल्या निवडनुकीची गोष्ट सांगतली. अठ्ठावन्न वर्षं एकच पार्टी, म्हने — देश सुटला तवापासून — अन् लोकायनं एका दिवसात उतरवली. बरं, उतरवली तं उतरवली, पन तो अध्यक्ष! मोजनी पुरी झाली नाही तं आपनच जिंकनाऱ्याले फोन लावते — हारलो भाऊ, या, कारभार समजून घ्या. अन् दगडफेक नाही, काई नाही, दुसऱ्या दिवशी दुकानं उघडी! लोकं कसे कान देऊन आयकत होते. तुही काकी तं दारात परात घेऊन उभीच राहिली, भाकर जळून गेली तिची. तवाच तुहं तोंड बंद कराले पायजे होतं.

आमचं काय वेगळं होतं? माहा बाप सरपंच, मंग मी, मंग परत मी, मंग बायकायचं आरक्षन आलं तं तुही काकी, मंग आखीन मी. काकीच्या टायमाले? मीच पाहो ना सारं! तिले काय समजते? मी बोट ठेवलं तिथं सही कराची, झालं. खुर्चीवर मी बसो, ते घरी. पंधरा ऑगस्टले पत्रिकेवर नाव तिचं, सरपंच पार्बताबाई, पन झेंड्याची दोरी ओढली मी — ते बाजूले उभी, डोक्यावर पदर, हात असा अर्धा वर आलता तिचा, मीच म्हनलं, राहू दे. वाईट? तिले काहून वाईट वाटन? कधी बोलली नाही एका शब्दानं.

अन् आता माणिकबाई! चांदूर रेल्वेच्या बजारात पोतं हातरून वांगे-झेंडू विकनारी बाई माह्या खुर्चीवर बसन! दोन मतानं, लेका, दोनच. अन् मी काई कच्चा नोतो. देवळात साऱ्या बायकायले बोलावलं, कौंडण्यपूरच्या रुक्मिणीची आन घालून बेल उचलाले लावला — मत किसनरावले, म्हंजे मले. ताट फिरलं, साऱ्यायनं उचलला. तुह्या काकीपाशी आलं तं तिनं हात नाही लावला, समोर सरकवलं. मी हासलो, म्हनलं, घरच्या बाईले कायची आन? साऱ्या हासल्या. ते नाही हासली.

असा काहून पाहून राहिला? तसं काई नाही. हं — एक मत इकडून तिकडं गेलं का दोनाचा फरक पडते, हे मलेई समजते. पन तुही काकी नाही तसं करनार. निकाल लागला त्या दिवशी माह्या घशाखाली घास उतरला नाही, तिनं मात्र पोटभर जेवन केलं. मले वाटलं, मले धीर देऊन राहिली. आजई ठेवनीतलं लुगडं नेसून गेली — देवळात जातो, म्हने.

मी फोनबिन काई करनार नाही, सांगून ठेवतो. पंचायतीच्या हापिसाची चाबी बापाच्या टायमापासून आमच्याच घरात, माह्या मांगच्या खुटीवर. माणिकबाई आज कारभार घेनार हाये ना? बसन पायरीवर हार घालून. तो ढोल आयकू येते? तिचाच हाये, हापिसासमोर वाजून राहिला. वाजू दे दिवसभर. कुलूप का ढोलानं उघडते?

थांबला. ढोल काहून थांबला? टाळ्या कायच्या वाजून राहिल्या?

गोपाल — खुटीवरची चाबी कुठं गेली? तू सकायपासून इथंच बसला होता, मी आंघोळीले गेलतो. कोन आलतं आत? मान काहून खाली घालून राहिला? पार्बता! ए पार्बता! — तू पाह्यलं तिले. पाह्यलं, अन् गप राहिला.

ऊठ. चहाची वाट नोको पाहू, तुही काकी नाही येत आता. जाय म्हनलं ना.