धुतलेली टाकी

व्यासपीठावरील सन्माननीय अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या प्रयोगशाळेच्या बाई, त्यांचे कुटुंबीय आणि रंगखात्यापासून सांडपाणी विभागापर्यंतच्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी टाकीवरचा माणूस. भाषणाची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

नऊ वर्षांपूर्वी कापड रंगवून उरलेलं पाणी बाहेर सोडायला आपल्याला बंदी होणार होती. कारखानाच थांबला असता. तेव्हा बाईंनी टाकीत लाकडाच्या भुशावर एक बुरशी वाढवली. ती जी एंझाइमं सोडते, ती रंगातलं विष तोडतात, असं त्यांनी मला समजावलं. मला कितपत समजलं असेल? दुसऱ्या दिवशी मोठे साहेब चाचणी बघायला येणार, एवढं नक्की समजलं. पाहुणे येणार म्हटल्यावर घरी आपण काय करतो? सकाळी देवाचं नाव घेऊन मी ती टाकी, भुशासकट, ब्लीचिंग पावडरने लख्ख धुतली.

टाकीत रंगाचं पाणी सोडलं, ते काचेसारखं निवळलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "रंग गेलाय. विष गेलं का, ते बघायचंय अजून."

त्यांनी त्या पाण्यात मोहरी भिजत घातली. चार दिवसांत एक दाणा उगवला नाही.

"टाकीत काही घातलं होतंत का?" त्यांनी मला विचारलं.

"घातलं नाही, बाई. धुतली."

त्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ हसल्या. रंग उडवला होता तो माझ्या पावडरने, बुरशी तर धुण्यातच मेली होती. मला हसू येईना. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

अहवालात त्यांनी लिहिलं, 'माझ्या देखरेखीतील त्रुटीमुळे चाचणी रद्द.' सहा आठवड्यांची मुदत मागून बुरशी पुन्हा वाढवली. या खेपेला मोहरी उगवली. कारखाना चालू राहिला, मीही कायम झालो. बाईंच्या सेवापुस्तकात मात्र शेरा बसला आणि विभागप्रमुखाची जागा दुसऱ्याला गेली. मी कधी विषय काढलाच, तर त्या मला टाकीकडे पिटाळत.

आज मी त्यांचं ऐकलेलं नाही. टाकी मी धुतली, हे सहीनिशी लिहून आणलं आहे. अध्यक्षमहाशय, हा कागद आपल्या हाती देतो. शेरा खोडायचा तर त्या सेवेत आहेत तोवरच.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही उणंअधिक बोललो असेन तर क्षमा असावी. कार्यालय पाचला बंद होतं, आत्ता पावणेचार झालेत.