बिघाड मालातच आहे

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, जिनिंगचे मालक माननीय बन्सीधर शेठ; प्रमुख पाहुण्या, कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका राजेश्रीताई; ज्यांना आज आपण निरोप देतोय ते हेडफिटर सूर्यभानराव; चौतीस वर्षं रोज सकाळी डबा भरून त्यांना आपल्याकडं पाठवणाऱ्या वच्छलाबाई; समोर बसलेले कामगार बंधू-भगिनी; आणि भाषण ऐकायला आल्याचं दाखवत बुंदीच्या वासाकडं तोंड करून बसलेले माझे सेलूकर मित्रहो.

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढं ‘संगीत क्षेत्रातील नामवंत उद्योजक’ असं छापलंय. ते वाचून मी पत्रिका उलटी करून पाहिली. पाठीमागं जेवणाची वेळ होती. म्हणजे पत्रिका बरोबर होती, मजकूर चुकलेला होता. मी स्टेशन रोडवरचा कॅसेटवाला दत्तराव. एका कॅसेटीच्या पन्नास करून देणारा. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या घरातली भजनं आणि निम्म्यांच्या लग्नातली गाणी माझ्या दुकानातून गेलीत.

माणिकराव, तो साउंडचा बॉक्स सत्कारमूर्तींच्या मांडीला का टेकवलाय? काय? त्यांनीच ओढून घेतला? बरं, असू द्या. आज त्यांचा दिवस आहे.

आता मूळ मुद्दा. सूर्यभानरावांनी या जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढणारे किती रेचे सांभाळले, किती हंगाम काढले, हे शेठजींनी सांगितलं. मला त्यांच्या दुसऱ्या नोकरीबद्दल बोलायचंय. ती त्यांनी अकरा वर्षं केली, आणि आपण ती करतोय हे त्यांना कुणी सांगितलं नाही. म्हणजे, मी सांगितलं नाही.

कॅसेटी बंद पडल्या तेव्हा माझ्याकडं कोऱ्या कॅसेटींची अख्खी खोली भरलेली होती. पुण्याला शिकणारी माझी पुतणी भक्ती म्हणाली, “काका, फेकू नका. एका प्रकारच्या संगीतवाल्यांना अजून कॅसेटच लागते.” मी विचारलं, कुठल्या? ती म्हणाली, “एक्स्ट्रीम मेटल. त्यातही प्रयोगशील.” मी म्हणालो, पाठव. शिलाँगच्या चार पोरांची कॅसेट आली. मी मशीनला लावली आणि लगेच बंद केली. मला वाटलं, मशीनचं हेड गेलं. हेड पुसलं, परत लावली. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा ड्रम, तारेचं कुंपण ओढत न्यावं तशी गिटार, आणि त्यात एक माणूस असा ओरडतोय की त्याला कुणीतरी दवाखान्यात का नेत नाही?

तुम्हीच सांगा, बिघाड माझ्या मशीनमध्ये आहे की त्या पोरांच्या गाण्यात, हे मी कसं ठरवायचं? सेलूत बिघाड ओळखणारा माणूस एकच. जेवणाच्या सुट्टीत मी टेप आणि बॉक्स घेऊन जिनिंगमध्ये गेलो. सूर्यभानरावांनी भाकरी बाजूला ठेवली. खिशातून पेचकस काढला. त्याचं टोक बॉक्सला लावलं, मूठ कानामागच्या हाडाला. रेचा तपासताना लावतात तस्संच. पाच मिनिटं डोळे मिटून बसले. मग म्हणाले, “दत्तराव, तुमची मशीन चांगली हाय. बिघाड मालातच हाय.”

भक्तीला मी हे फोनवर सांगितलं. तिनं ते वाक्य इंग्रजी करून कव्हरवर छापलं. खाली नाव: सूर्यभान, सेलू. तिनं इंटरनेटवर विकायला ठेवलेल्या पन्नास कॅसेटी दोन दिवसांत संपल्या. आम्ही आमच्या कॅसेट कंपनीचं, भक्तीच्या भाषेत लेबलचं, नावच ‘बिघाड’ ठेवलं.

का संपल्या? मला विचारू नका. मी आजही गोंधळलेलोच आहे. अकरा वर्षं मी असं दुकान चालवतोय ज्यातला माल मला कळत नाही आणि गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. कापसाचे व्यापारी म्हणतील, यात नवं काय? पण ते तरी कापूस हातात घेऊन बघतात.

पुढं रीतच पडली. कुठूनही कॅसेट आली की मी सुट्टीच्या वेळी जिनिंगमध्ये. सूर्यभानराव पेचकस लावायचे आणि निदान सांगायचे. “तिसऱ्या मिनिटाला बेअरिंग गेलंय.” “पट्टा ढिला हाय, अन् चालवणाऱ्याला म्हाईत न्हाई.” तिकडं चिली देशातल्या पोरांचं ऐकून तर ते उठूनच उभे राहिले, “बंद करा, बंद करा, एखादा माणूस मरंल!” भक्तीनं तेही छापलं. चिलीच्या पोरांनी उलट पत्र पाठवलं की आमच्याबद्दल आजवर इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

आणि एखाद्या कॅसेटीला ते म्हणायचे, “ही नीट चालायली. हिला हात लावू नका.” अशी एक मी काढून पाहिली. तिच्या पन्नासातल्या सत्तेचाळीस अजून दुकानात आहेत. तेव्हापासून नियम केला. सूर्यभानरावांना जी नापास, ती आमची पास. जी त्यांना नीट वाटली, ती साभार परत.

हसा, हसा. मीही हसायचो. पण सुट्टी संपून मी निघालो की ते दर वेळी विचारायचे, “मागच्या पोरांची दुरुस्त झाली का?” आणि मी मान हलवायचो. झाली, झाली.

मंडळी, ज्या माणसानं चौतीस वर्षांत एकही रेचा बिघडलेला सोडून घर गाठलं नाही, त्याला मी अकरा वर्षं सांगत आलो की तुमच्या सांगण्यावरून जगभरातली यंत्रं दुरुस्त झाली. खरं काय? एकही झाली नाही. त्यांनी बोट ठेवलेला प्रत्येक बिघाड आम्ही तसाच्या तसा पाकिटात घालून जगाला पाठवला, आणि वर त्यांचंच नाव छापलं. हे मला त्यांना सांगायचं होतं. आज संध्याकाळच्या गाडीनं ते लेकीकडं चाकणला जातायत, म्हणजे सांगायची ही शेवटची वेळ.

पण यात एक अडचण आहे. वच्छलाबाई, सांगू का? सकाळी तुम्ही हो म्हणालात म्हणून विचारतोय.

शेठजी, तुमचा निवृत्तीचा कागद सही होऊन त्यांच्या खिशात पडलाय, म्हणून बोलतो. सूर्यभानरावांना ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. जिनिंगमध्ये त्यांनी मागून हाक ऐकली नाही की पोरं म्हणायची, हेडफिटर झाल्यापासून माज आलाय. माज कशाचा? रेच्यांच्या आवाजानं कान गेले. कानात बोळे घालायचे ते आपल्याच कापसाचे, आपल्याच रेच्यांतून निघालेले. त्या बोळ्यांनी आवाज किती थांबणार? मला हे कळलं ते वच्छलाबाईंकडून. त्या म्हणाल्या, “भाऊजी, कुकरच्या शिट्ट्या मलाच मोजाव्या लागायल्यात. हे नुसते भिंतीकडं बघत बसत्यात. पर मिलात सांगू नका, दुसरीकडं टाकतील.” म्हणून नाही सांगितलं. सांगायची गरजही पडली नाही, कारण पेचकस हाडाला लावला की त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ऐकू येतं. सहा वर्षांत त्यांच्या हातून एक रेचा तरी चुकला का शेठजी? नाही ना?

तर अशी माझी अवस्था. ज्याची माफी मागायची तो समोर बसलाय, अंगावर शाल, हातात नारळ, चेहऱ्यावर हसू, आणि त्याला माझा एक शब्द ऐकू येत नाही. मी तुम्हा तीनशे लोकांसमोर कबुली देतोय, आणि ज्याला द्यायची तो तेवढा एकटा या बोलण्याच्या बाहेर आहे. म्हणून मी ठरवलंय की आजपासून ‘बिघाड’...

थांबा. शाल का हलवायलेत? माणिकराव, बघा बरं, काही पाहिजे का त्यांना.

अहो, शालीखाली पेचकस आहे!

बॉक्सला लावून बसलेत. म्हणजे मघापासून... सूर्यभानराव, सगळं ऐकलंत?

मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. ते म्हणतात, “मला म्हाईत होतं.”

कधीपासून?

“दुसऱ्याच वर्षी. दुरुस्त झालेली मशीन परत येत नसती, दत्तराव. त्या चिलीच्या पोरांची चार बाऱ्या आली, अन् दर बारीला आधीपेक्षा जास्त बिघडून आली.”

मग दर वेळी विचारायचात कशाला?

“तुमी कसं खोटं बोलता ते बघायला.”

टाळ्या नका वाजवू हो, माझा अपमान चाललाय. पण सूर्यभानराव, बोलला का नाहीत?

बोलतायत, थांबा. हळू बोलतायत. “हितं बिघाड कानाला लागला की मशीन बंद करायची. चौतीस वर्षं तेच केलं. चिलीवाल्यांना बंद करा म्हणलो खरं, पर तुमच्या टेपच्या डब्यातली एक बी बंद करावी लागली न्हाई. बिघडलेल्या, पर चालत व्हत्या. भाकरी खाताना बरं वाटायचं.”

माझ्या हातातल्या या कागदावर पुढचं वाक्य लिहिलंय की सूर्यभानरावांच्या निवृत्तीसोबत ‘बिघाड’ लेबल बंद करत आहे. ते वाचू की नको?

काय म्हणताय? “पुढचा माल चाकणला पाठवा. लेकीकडं बॉक्स हाय. पेचकस मी घेऊन चाललोय.”

आणि वच्छलाबाई म्हणतात, “जावयाच्या घरात असलं वाजलं तर मला तरी हितंच ठेवा.”

बघा, मी एक गोष्ट बंद करायला उभा राहिलो होतो आणि तिची चाकणला शाखा उघडून बसलो. माझ्या धंद्यात मला कधीच काही कळलं नाही, आज तर अजिबात नाही. मी कागद घडी करून खिशात ठेवतोय.

शेठजींनी मला बोलू दिलं, राजेश्रीताईंनी घड्याळाकडं दोनदाच पाहिलं, आणि आपण सगळ्यांनी बुंदी थंड होऊ दिली, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला काही लागलं असेल, कुठं आवाज खरखरला असेल, तर उदार मनानं पोटात घाला. साउंडवाल्या माणिकरावांना मात्र बोल लावू नका. त्यांची मशीन चांगली आहे.

बिघाड मालातच आहे. नमस्कार.