बघायला माणूस आला की चालणारा पंप

...नाही, पण मला आधी हे सांगा, पंपाला माणसं ओळखता येतात का? तुम्ही म्हणाल, भलतंच काय. मीही असंच म्हणायचो, तीन आठवड्यांपूर्वी. आता म्हणत नाही. आमचा पंप दोनशे फूट खाली, बोअरच्या अंधारात, पाण्यात बुडून बसलेला, त्याला ना डोळे ना कान, पण दुरुस्तीवाला फाटकातून आत आला की याला बरोब्बर कळतं. दिवसभर गप्प बसलेला, पाहुण्यांसमोर शहाणं होणारं पोर असतं ना, तसा सुरू. टाकीत धो धो पाणी. आणि दुरुस्तीवाला दातातली काडी या गालातून त्या गालात नेत माझ्याकडे बघतो, पंपाकडे नाही हं, माझ्याकडे, आणि म्हणतो, "चालतोय की."

चालतोय की. अरे, चालतोय हे मलाही दिसतंय, पण तू आल्यावर चालतोय. तू गेलास की तासाभरात बंद. मग मी काय करू, तुला दत्तक घेऊ?

तुम्हाला सांगतो, हा पंप म्हणजे माझा निर्णय. हे नीट ऐका, कारण घोडं इथंच पेंड खातंय. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आमच्या. या सव्वीस वर्षांत घर कुठं बांधायचं, रंग कुठला द्यायचा, मुलीनं काय शिकायचं, मी मिशी ठेवायची की नाही, हे सगळं आमच्या हिनं ठरवलं. आणि उत्तम ठरवलं, माझी तक्रार नाही. मिशी मला शोभत नव्हतीच. पण एक, फक्त एक गोष्ट मी ठरवली. विजेचा पंप वर काढायचा आणि सूर्यावर चालणारा खाली सोडायचा. गच्चीवर सहा पॅनल, मागच्या भिंतीवर कंट्रोलरची पेटी, खाली बोअरमध्ये पंप. ऊन पडलं की पाणी. वीज गेली काय, आली काय, आपल्याला काय त्याचं? जेवताना मी हे जाहीर केलं तेव्हा ही इतकी चकित झाली की नाही म्हणायचंच विसरली.

आणि पहिले पंधरा दिवस, काय सांगू तुम्हाला, मी गच्चीवर उभा राहून टाकीत पडणारं पाणी ऐकायचो. ऑफिसला उशीर व्हायचा, पण ऐकायचो. सोळाव्या दिवशी बंद.

आता बंद म्हणजे कसा, तर सकाळी आठला सुरू होतो, साडेनऊला बंद. भर उन्हात बंद. म्हणजे सूर्य उतू चाललाय आणि सूर्यावरचा पंप थंड. मी कंपनीला फोन लावला. तिकडून एक बाई, आवाज कसा, अगदी साखरेत घोळलेला, "नमस्कार, आपली समस्या आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आपल्याकडे सध्या ऊन आहे का?" म्हटलं आहे. "ते पॅनलवर पडतंय का?" म्हटलं बाई, ते सगळ्यांवरच पडतंय. "मग कृपया पॅनल पाण्यानं स्वच्छ धुऊन घ्या." म्हटलं, पाणी कुठून आणू? तर म्हणते, "पंपातून घ्या सर."

धुतले मी पॅनल. प्यायच्या पाण्याच्या कळशीनं धुतले, एकेक, अंघोळ न करता. मी पारोसा आणि पॅनल चकचकीत. पंप बंद.

मग पुस्तिका काढली. त्यात लिहिलंय, पेटीवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. पाच वेळा म्हणजे बोअरमध्ये पाणी कमी. सहा वेळा म्हणजे अति उष्णता. आम्ही दोघं पेटीसमोर उभे. दिवा लुकलुकला. मी म्हटलं पाच. ही म्हणाली, "अहो, सहा." म्हटलं, पाच. "सहा आहेत, मी शिवताना टाके मोजते, मला शिकवू नका." आता मला सांगा, दोनशे फूट खाली गार पाण्यात बसलेल्या पंपाला उष्णता होईलच कशी? त्याच्याइतका गार या घरात कुणीच नाही. हे मी तिला समजावून सांगितलं, हातवारे करून सांगितलं, आणि मग दोरीला दगड बांधून बोअरमध्ये सोडला, पाणी कमी आहे हे सिद्ध करायला. दगड वर आला तो चिंब. दोरी चाळीस हात भिजलेली. ही नुसती दोरीकडे बघून आत गेली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

दुरुस्तीवाला आला. कव्हर काढलं, पेटी उघडली, पेचकस घेऊन इकडे टिचकी, तिकडे टिचकी, चहा घेतला, स्वतःच्या गुडघेदुखीचं सगळं सांगितलं, आणि अर्ध्या तासानं बटण दाबलं. धो धो. "चालतोय की." गेला. हिनं निगुतीनं कव्हर परत घातलं. तासाभरात बंद. दोन दिवसांनी पुन्हा आला. कव्हर, पेटी, टिचकी, चहा, दुसरा गुडघा. बटण. "चालतोय की, साहेब. तुम्ही जरा विश्रांती घ्या." मी! मी विश्रांती घ्यायची!

मधल्या मधे टाकीवर चढून तरंगता गोळा हलवून पाहिला, तो अडकला तर पंपाला टाकी भरली असं वाटतं म्हणे. गोळा ठीक. मी अडकलो. शिडी सरकली होती. खाली ही शेजारणीला सांगत होती, "त्यांना वर बरं वाटतं."

आणि मग आला माझा मेहुणा. हिचा भाऊ. विजेच्या पंपाचा भक्त. माझा जुना पंप वर काढला तेव्हा तो त्याच्याकडे असा बघत होता, जणू मी घरातलं वडीलधारं माणूस बाहेर काढतोय. शेजाऱ्यांकडून पाणी आणायच्या बादल्या बघितल्या, रांगेत लावलेल्या बघितल्या, आणि हळूच म्हणाला, "दाजी, नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं सूर्याला कशाला नावं ठेवायची?" ही हसली. आणि हसता हसताच तिनं फर्मान काढलं. रविवारी अकरापर्यंत पाणी आलं तर ठीक. नाही आलं तर सौर पंप वर, विजेचा खाली. "आणि यापुढे या घरात तुम्ही काही ठरवायचं नाही. भाजीसुद्धा नाही."

तुम्ही हसताय. पण खरं सांगतो, मला फार लागलं ते. माणसानं सव्वीस वर्षांत एक गोष्ट ठरवावी आणि तीही गाळात जावी? मला पाणी नको होतं हो, पाणी शेजाऱ्यांकडूनही मिळतं. मला एकदा बरोबर ठरायचं होतं.

आता कव्हराचं सांगतो. मघाशी ओझरतं बोललो, तुमच्या लक्षात आलं नसेल, माझ्याही आलं नव्हतं. आमची ही कव्हरं शिवते. व्यवसायच आहे तिचा. मिक्सरला कव्हर, फ्रिजला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, रिमोटला कव्हर. गल्लीतल्या निम्म्या वस्तू हिच्या हातच्या कपड्यांत असतात. आमच्या घरात उघडा म्हणून फक्त मी. तर कंट्रोलरची पेटी भिंतीवर लागली तेव्हाच हिनं माप घेतलं होतं, "बिचारा उन्हात असतो." पण ऑर्डरी होत्या, म्हणून शिवायला पंधरा दिवस लागले. आणि काय शिवलं होतं! बाहेरून जाड रेक्झिन, मधे कापूस, आत मऊ फ्लॅनेल, कडेनं लाल पायपिंग, खाली इलॅस्टिक, आणि दिवा दिसावा म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकची छोटी खिडकी. थंडीत मलाच घालावंसं वाटलं.

रविवार उजाडला. पंप आठला सुरू, साडेनऊला बंद. मेहुणा दोर, कप्पी आणि दोन मजूर घेऊन हजर. पावणेअकराला दुरुस्तीवाला आला, मीच हातापाया पडून बोलावला होता. यावेळी त्याला दुसरीकडे जायची घाई. त्यामुळे चहा नाही, गुडघे नाहीत. आला, कव्हर ओढून काढलं, पेटीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. तळहात फुंकत राहिला. मग पेटीकडे बघितलं. मग हातातल्या कव्हराकडे. ते उलटं केलं. फ्लॅनेल चाचपलं. काडी तोंडातून काढली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, आणि म्हणाला, "पंपाला काही झालेलं नाही. ही पेटी गुदमरतेय. तापली की स्वतःला बंद करून घेते. मी येतो, हे काढतो, गप्पा मारेपर्यंत ती निवते, की चालू." मग सगळ्यांकडे बघत, "हे गोधडं कुणी घातलं हिला?"

मजुरांनी दोर खाली ठेवला.

आता माझ्या मनात काय झालं असेल, सांगा. पंप चांगला! निर्णय बरोबर! जिभेच्या टोकावर आलं होतं हो, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. सव्वीस वर्षांची कसर एका वाक्यात निघत होती, तीही मेहुण्यासमोर. मी तोंड उघडलं. आणि माझी नजर हिच्याकडे गेली. हिनं चष्मा काढला होता आणि पुसत होती. स्वच्छच होता तो. तिच्या हाताला मी ओळखतो, सुईत दोरा एका फटक्यात जातो. त्या दिवशी काचेवर नुसता फिरत होता. आणि मला, काय सांगू, फार वाईट वाटलं. तिनं मायेनं शिवलं होतं ते. गल्लीभर तिचं नाव आहे आणि आता गल्लीभर हसं होणार.

"मी घातलं," मी म्हटलं.

मेहुणा इतका हसला की त्याला कप्पीवर बसावं लागलं. "दाजी, मशीनला गोधडी?" दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, अति तिथं माती. विचारायचं तरी." मजूरही हसले, त्यांचं तर मी काही बिघडवलं नव्हतं. आणि ही... हिनं चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं, अगदी एकच क्षण, आणि मला वाटलं, जिंकलो. सगळं भरून पावलं.

तो क्षण साधारण दुपारच्या जेवणापर्यंत टिकला. पंप चालू होता, पाणी धो धो, मेहुणा ताटावर बसलेला, आणि ही वाढता वाढता म्हणते, "मी यांना तेव्हाच म्हटलं होतं, सहा वेळा लुकलुकतोय, उष्णता आहे. ऐकतील तर शपथ." मी तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर खोटेपणाचा मागमूस नाही. तिला स्वतःलाच पटलं होतं हो! संध्याकाळी शेजारीण आली. तिला म्हणाली, "काय सांगू, यांनी मशीनला चांगलं जाड कव्हर घातलं. आणि शिवलेलं कुणाचं, तर माझं. मला न विचारता!"

मी मान खाली घातली आणि म्हटलं, "चुकलं. पुन्हा तुला विचारल्याशिवाय काही ठरवणार नाही."