बसकी गाडी आणि सासूबाईंचा डोळा

...हो हो, मेंढ्यांचाच वास आहे तो, आणि आमच्याकडूनच येतोय, उगीच त्या कोपऱ्यातल्या काकांकडे बघू नका! खिडकी उघडू का जरा? उघडत नाही? असू दे. दवाखान्याची खिडकी कधी उघडली आहे! आणि माझ्या हातांना घाबरू नका, तीनदा धुतले इथे आल्यावर, पण काळे ते काळेच. सासूबाई आत आहेत. मोतीबिंदू, उजवा डोळा. चौदा महिने नंबर लावून बसलो होतो, चौदा! आणि पत्रात स्पष्ट लिहिलेलं, गुरुवारी सकाळी दहाला हजर नसाल तर नाव पुन्हा यादीच्या शेपटाला. बाई शहाऐंशी वर्षांची, तिला परत चौदा महिने थांबा म्हणायचं? अहो, लॉन बोल्स, तो हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ, हा त्यांचा जीव की प्राण, आणि गेल्या मोसमात त्यांनी हिरवळीवरच्या पांढऱ्या चेंडूऐवजी क्लबच्या सेक्रेटरीच्या पांढऱ्या बुटावर नेम धरला! बरोब्बर लागला. तो बिचारा एका पायावर नाचतोय आणि आमच्या एल्वाबाई म्हणतात, "मग त्यानं हलायचं कशाला?"

तर डोळा व्हायलाच हवा. डोळ्यासाठी मूनटाहून ॲडलेडला यायला हवं, दोन तासांचा रस्ता. त्यासाठी गाडी हवी. आणि गाडी? गाडी बसलेली!

नाही हो, पंक्चर नाही. पंक्चर असतं तर मी आनंदानं उड्या मारल्या असत्या. आमची गाडी वीस वर्षांची, मोठी, दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेली, आणि तिला साध्या स्प्रिंगा नाहीत. चारही चाकांवर हवेचे फुगे आहेत, रबराचे, जाडजूड. बटण दाबलं की फुग्यातली हवा सुटते आणि गाडी खाली बसते, दुसरं बटण दाबलं की उठते. आम्ही ती घेतलीच त्यासाठी! सासूबाईंचा खुबा बदललेला, पाय वर उचलत नाही. नवऱ्याच्या ट्रकात त्यांना चढता येत नाही, माझ्या छोट्या गाडीत एवढं खाली वाकता येत नाही. ही गाडी मात्र त्यांच्यासमोर खाली बसायची, त्या अलगद टेकायच्या, पाय आत घ्यायच्या, आणि गाडी त्यांना घेऊन वर उठायची. राणीसारख्या! शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "उठव गं ग्लेनिस!"

आणि तीन आठवड्यांपूर्वी सकाळी मी कपडे वाळत घालायला बाहेर आले, तर मागचा डावा कोपरा गवताला टेकलेला. बटण न दाबता! उठवली. हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरला, गाडी उंटासारखी मागून उठली, मग पुढून उठली. दुसऱ्या दिवशी बघते तर... गाडी बसलेली!

शिवाय इंजिनही थरथरायला लागलेलं. नुसतं चालू ठेवलं की गदगदा हलायचं, आणि बॉनेटखालून आवाज यायचा, सूंऽऽ... मी नवऱ्याला म्हटलं, "डेन्झिल, मेकॅनिकला दाखवू या." झालं! माणसाच्या तोंडावर चप्पल मारल्यासारखं त्यानं माझ्याकडे बघितलं. "मेकॅनिकला? माझे हात काय गळून पडलेत?" आणि उघडलं बॉनेट.

आता तुमच्याकडे शहरात काय पद्धत आहे मला माहीत नाही, पण आमच्याकडे बॉनेट उघडलं की पुरुष जमतात. बोलवावं लागत नाही, वासावर येतात. पाच मिनिटांत समोरच्या घरातला क्लेम हजर. चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले त्यानं, आता निवृत्त, मासे धरतो. दोघं उभे, हात खिशात. अर्धा तास काही बोलायचं नाही, हाही नियमच. मग एक म्हणतो, "हं." दुसरा म्हणतो, "हं." मी चहा नेऊन देते. "हं." केक नेऊन देते. मग क्लेमनं मान तिरकी केली, कान पुढे केला, आणि म्हणाला, "ऐकलंस का गड्या? हवा सुटतेय! इथूनच गळते हवा, म्हणूनच बसते गाडी."

आणि सूंऽऽ करणारी ती नळी त्यानं बोटानं दाखवली.

आता मला सांगा, मी काय बोलू? माझं माहेर खाली माउंट गॅम्बियरकडे, वडिलांचा साठ गाईंचा गोठा. दूध काढायचं यंत्र चालायचं व्हॅक्यूमवर. म्हणजे नळ्यांमधून हवा आत ओढली जाते, त्या ओढीनं गाईच्या सडांना पेले चिकटून राहतात. एखाद्या नळीला केसाएवढी चीर गेली की संपलं, पेले टपाटप खाली आणि गाय मागे वळून अशी बघते, जशी मीच चूक केली! सात वर्षांची होते तेव्हापासून मी त्या चिरा कानानं शोधत आले आहे. हवा आत ओढली जाते तेव्हाचा आवाज वेगळा, बारीक, दातांतून ओढल्यासारखा. बाहेर सुटते तेव्हाचा वेगळा, उसासा टाकल्यासारखा. मी म्हटलं, "डेन्झिल, ही इंजिनाची व्हॅक्यूमची नळी आहे. ही आत ओढतेय. हिचा फुग्यांशी काही संबंध नाही. इंजिन थरथरतंय ते हिच्यामुळे, पण गाडी बसते ती दुसऱ्याच गळतीमुळे."

दोघंही माझ्याकडे बघून इतके गोड हसले! डेन्झिल म्हणाला, "ग्लेन, ही गाय नाहीये गं."

ठीक आहे. नाहीये.

मग नळीवर साबणाचं पाणी शिंपडलं. गळती असेल तिथे बुडबुडे येतात, सायकलच्या ट्यूबसारखे. एक बुडबुडा आला नाही. "बघ, इथे नाही," एक म्हणतो. "पण आवाज तर इथूनच येतोय," दुसरा म्हणतो. अहो, बुडबुडे कसे येतील? ती साबणाचं पाणी आत पितेय! इंजिनाला ठसका लागला चांगला. मी घरात गेले आणि भांडी घासली. तशी घासलेलीच होती, परत घासली.

दोन आठवडे! दोन आठवडे ते दोघं एकेक नळी काढतायत, बदलतायत, सगळ्या जुन्या नळ्या कडक झालेल्या, चिरलेल्या, हात लावला की बिस्किटासारख्या मोडणाऱ्या. सगळ्या नव्या घातल्या. आणि खोटं कशाला बोलू, इंजिन असं सुरेख चालायला लागलं, सूं नाही की थरथर नाही, बॉनेटवर चहाचा कप ठेवला तर हिंदकळला नाही. क्लेमच्या डोळ्यांत पाणी. डेन्झिल मला म्हणतो, "ऐक, ऐक कसं चाललंय!" मी म्हटलं, "हो रे बाबा. पण बसल्या बसल्या चाललंय." कारण इंजिन झकास, आणि गाडी? गाडी बसलेली!

गुरुवार चार दिवसांवर. सासूबाई रोज विचारतायत, "ग्लेनिस, उठली का गं?" जशी काही घरात आजारी बाई आहे. त्यांनी बॅग भरून दाराशी ठेवलेली. आणि रविवारी, तुम्हाला सांगते, मी चहा देताना त्यांनी पेल्याऐवजी माझं मनगट धरलं, आणि सोडलंच नाही. एरवी टोमण्याशिवाय बोलायच्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "पुढच्या चौदा महिन्यांत उरलेलं पण जाईल गं." बस्स, एवढंच.

मग मात्र मी उठले. गुलाबावरच्या किडीला मारायची माझी फवाऱ्याची बाटली घेतली, साबणाचं पाणी भरलं, डेन्झिलला म्हटलं, "गाडी उठव, खाली टेकूच्या लोखंडी घोड्या लाव चारी बाजूंनी, मला त्या फुग्याच्या भरवशावर खाली जायचं नाही, आणि तोंडातून एक शब्द काढू नकोस." आणि मी, चोपन्न वर्षांची बाई, घरातल्या गाऊनवर, गाडीखाली उताणी! मागचा डावा फुगा फवारला, घडीघडीतून. काही नाही. मग वर, जिथे बारीक नळी फुग्यात शिरते तिथे फवारलं आणि... आले! बुडबुडे! बारीक बारीक, दूध उतू जातं ना तसे. मी खालून ओरडले, "गाय सापडली रे!"

नळीच्या टोकाला ओरखडा पडलेला, दुसरं काही नाही. डेन्झिलनं हवा सोडली, टोक नखाएवढं सरळ कापलं, नळी परत दाबून बसवली. दहा मिनिटं! तीन आठवडे आणि दहा मिनिटं! सोमवारी बघितलं, उभी. मंगळवारी बघितलं, उभी. डेन्झिल माझ्याजवळ आला, बुटांकडे बघत म्हणाला, "तुझ्या वडिलांचा गोठा चांगला होता." आमच्याकडे याला माफी म्हणतात.

आणि आज सकाळी साडेसहाला बाहेर आलो, गाडी उभी, ताठ, सूर्य तिच्यावर पडलेला! सासूबाई ठेवणीतला कोट घालून, पर्स काखेत, डब्यात मांस भरून भाजलेली पेस्टी, कारण दवाखान्यातल्या खाण्यावर त्यांचा विश्वास नाही. मी ऐटीत खाली बसायचं बटण दाबलं. फुस्स झालं. हवा सुटली. गाडी हलली नाही. परत दाबलं. फुस्स. हलली नाही. डेन्झिल वाकून चाकांच्या वर बघतो, तर चारही चाकांवर, फुग्यांच्या शेजारी, लाल लाकडाचे हे एवढाले ठोकळे, कुंपणाच्या तारेनं पीळ मारून आवळलेले!

क्लेम! काल दुपारी आम्ही दुकानात गेलो होतो तेव्हा येऊन लावून गेला. न सांगता! कारण आमच्याकडे उपकार करायचा तर न सांगता करायचा, सांगितला तर मिरवल्यासारखं होतं. फाटकावर चिठ्ठी होती, ती आता दिसली. "आता काही झालं तरी बसणार नाही. एल्वाला शुभेच्छा." आणि स्वतः कुठे? होडी घेऊन समुद्रात, फोन घरी!

तीन आठवडे मी देवाला म्हणतेय ही गाडी उभी राहू दे, आणि उभी राहिली तर सासूबाईंना चढता येईना! दुधाचा क्रेट उलटा ठेवला, डुगडुगला. स्वयंपाकघरातली शिडी आणली, खुबा वळेना. डेन्झिलनं मागून जोर लावला, तर केवढ्यानं ओरडल्या, "डेन्झिल! मी गव्हाचं पोतं नाही!" तारा सोडवायला घेतल्या, तर क्लेमनं पक्कडीनं असा पीळ घातलेला की एक ठोकळा निघायला अर्धा तास. सात वाजत आले. सासूबाई क्रेटवर बसल्या, पर्स मांडीवर, आणि कोटाची बटणं काढायला लागल्या. त्या बडबडल्या असत्या तर बरं झालं असतं हो.

आणि मला सुचलं. गावाबाहेर रस्त्याला लागून मेंढ्या गाडीत चढवायचा उतार आहे. फळ्यांचा, दोन्ही बाजूंनी कठडे, पिकअपच्या उंचीचा, बुटका. माझ्या छोट्या गाडीतून नको, त्यात वाकवत नाही; चालतच नेलं त्यांना, दोनशे पावलं, कोट, पर्स, पेस्टी सगळं घेऊन. डेन्झिलनं गाडी उताराच्या तोंडाशी आडवी लावली, दार उघडून. आणि आमच्या एल्वाबाई, शहाऐंशी वर्षांच्या, दोन्ही हातांनी कठडे धरून, मेंढ्यांच्या लेंड्यांतून, एकेक पाऊल टाकत वर! डेन्झिल त्यांच्या मागे. जन्म गेला त्याचा मेंढ्यांमागे, त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "हुर्रर्र, हॅ, हॅ!" आणि वर शिट्टी!

"शिट्टी कुणाला मारतोस रे? आईला?"

पण चढल्या! अलगद गाडीत पाऊल, टेकल्या, कोट सावरला, आणि म्हणाल्या, "कुणी बघितलं का?" मी म्हटलं, "कुणी नाही, आई." बघितलं होतं, दुधाच्या टँकरवाल्यानं टोपी काढून सलाम केला होता, पण त्यांना कुठे दिसतंय! इथे दारात दोन दणकट वॉर्डबॉयनी हातांची खुर्ची करून त्यांना उतरवलं, नऊ सत्तावन्नला. तर मला विचारतात, "देखणे होते का गं दोघं? मला मेलीला नेमकं आजच दिसत नाही."

...कोण? ट्रिगन? ट्रेगन! हो, एल्वा ट्रेगन, माझ्याच सासूबाई! झालं? चांगलं झालं? हे पारदर्शक झाकण उद्यापर्यंत ठेवायचं? बरं, बरं, थँक्यू हं नर्सबाई... या आई, इथे, खिडकीपाशी. कसं वाटतंय? धुरकट? दिसतंय पण? काय दिसतंय?

"खाली गाडी दिसतेय आपली. आणि तो शेजारी उभा आहे तो टकला म्हातारा कोण गं?"

डेन्झिल आहे, आई.

"अगं बाई! आणि मला कुणी सांगितलं नाही?"

चौदा महिन्यांत पडले हो केस, थोडे आधीपण... पण थांबा, हा करतोय काय? ठोकळे काढ म्हणून सांगून आले होते मी! घरी जायला इथे मेंढ्यांचा उतार कुठून आणायचा? ठोकळे चाकांवर आहेत आणि यानं बॉनेट कशाला उघडलंय? आणि ते बघा... एक माणूस आला. दुसरा आला. तो पांढऱ्या कोटातला डॉक्टरच असेल. हात खिशात... झालं. पहिलं "हं" व्हायलाच आता अर्धा तास.

बसा आई. पेस्टी काढा. काका, तुम्हीपण घ्या तुकडा, बराच वेळ आहोत आम्ही. आणि गाडी?

गाडी उभी!