मोबाईल कमरेला खोचला

माझं माहेर वणीकडलं, लगीन होऊन निफाडला आले ती तवापासून द्राक्षाच्या बागातच हाय, आधी मजूर होते, आता बायांची टोळी माझ्या हाताखाली, मुकादम म्हणतात मला. सगळ्या पोरी पंचविशीच्या आतबाहेर. काय सांगू तुम्हाला, कामाला लय चांगल्या, पण स्वतःच्या अंगाचं काय विचारलं की तोंडाला कुलूप.

माझी नणंद छातीच्या गाठीनं गेली. दुखत नाय ना, मग कशाला दाखवायचं, म्हणत बसली अन् गेली. म्हणून मी ह्या पोरींच्या मागं लागते, गावातल्या आशाताईनं शिकवलं तसं, पाळी सरली की आंघोळीच्या वक्ताला बोटं सपाट ठेवून गोल फिरवून बघा, काखेत पण बघा. तर ह्या खिदळतात. एक म्हणते, हात लावला की उगा वाढतं. दुसरी म्हणते, ते ब्लाऊजात मोबाईल ठेवणारीला होतं. कुठं ऐकलं, तर मोबाईलातच. आता बोला.

त्यातली एक सारिका, अजून लेकरू कडेवर. थिनिंगच्या टायमाला, घडातले मणी विरळ करताना, बघते तर हिचा मोबाईल ब्लाऊजातनं कमरेला आलेला. काय गं, म्हटलं. तर म्हणते, मावशी, बारकी गाठ लागली, म्हणून जागा बदलली, जाईल आता. जाईल म्हणे, गाठ हाय का पाहुणी? अगं पण दवाखाना? तर दुखत नाय ना. नणंदेचेच शब्द, माझं डोकंच फिरलं. तोंडावर पुटकुळी आली तर नाशिक गाठतात अन् ह्याला मुहूर्त लागतो. हाताला धरून नेली तिला. सोनोग्राफी झाली, सुईनं तपासलं, रिपोर्ट आला. साधी गाठ निघाली.

अन् बागेत येऊन ही सांगते काय, बघा, मोबाईल कमरेला खोचला म्हणून साधी निघाली. सगळ्यांनी माना डोलावल्या, दुपारपर्यंत अर्ध्या टोळीचे मोबाईल कमरेला. नेलं कुणी, रांगेत उभं राहिलं कुणी, अन् नाव झालं मोबाईलचं. कपाळावर हात मारला मी.

टोळीतली मंदा तेवढी खाली बघून भाकरी मोडत होती. तिचा नवरा फोनला हात लावू देत नाय तिला. भाकरी खाऊन सगळ्या कामाला उठल्या तरी ही बसूनच. मग हळूच म्हणाली, मावशी, माझ्याकडं तर मोबाईलच नाय, मग मला गाठ कशानं आली?

कधीपासून हाय, विचारलं, तर उन्हाळ्यात, आखाजीच्या आधीपासून. अहो, दिवाळी होऊन गेली. शिवी आली होती तोंडात, गिळली. एवढे दिवस काय करत होती म्हणून आता तरी काय विचारायचं. उद्या सकाळच्या गाडीनं घेऊन चाललेय तिला, मालकाला सांगितलंय, एक दिवस बाग राहू द्या. सप्तशृंगी माय, हिची पण साधीच निघू दे. मग खुशाल म्हणू देत साऱ्या, मोबाईल नव्हता म्हणून वाचली.