दोन अर्धे

हॅनलीच्या पबात पोस्टमन कॉर्मॅक काळ्या बिअरचा पाइंट निवांत पीत बसला होता. तेवढ्यात डेलिया आली ती थेट काउंटरपाशीच, मालक मॅलकीसमोर. ते १९७१ साल होतं. गावातल्या बायका अजून पबातल्या भिंतीआडच्या खोलीत बसायच्या आणि खिडकीतून मागवायच्या.

"मॅलकी, एक पाइंट."

"अर्धा देतो, डेलिया. बायकांना पाइंट मिळत नाही, ठाऊक आहे तुला."

"कुणी ठरवलं?"

"माझ्या बापानं."

"त्याला जाऊन दहा वर्षं झाली."

"नियम अजून जिवंत आहे."

"दिवसभर नवऱ्याच्या बरोबरीनं दलदलीतून जळणाचं पीट खणलंय मी. तो तीन पाइंट रिचवून घरी घोरतोय. माझ्या घशाला काय अर्धीच कोरड पडते?"

"बाईच्या हातात मोठा ग्लास शोभत नाही गं."

"आणि फावडं शोभतं?"

"ते वेगळं."

"बरं, मग दोन अर्धे दे."

"हां, आता कशी शहाण्यासारखी बोललीस! हे घे."

"आणि पाइंटचा एक रिकामा ग्लास."

"तो कशाला? ...अजिबात नाही! ग्लास माझा आहे, मी देणार नाही."

कॉर्मॅकनं उरलेली बिअर एका दमात संपवली आणि ग्लास डेलियापुढे सरकवला.

"कॉर्मॅक, तूसुद्धा?"

"मी काय केलं? माझी पिऊन झाली."

डेलियानं दोन्ही अर्धे त्यात ओतले. फेस काठापर्यंत आला.

भिंतीतली खिडकी खाडकन उघडली.

"मॅलकी, इकडे सहा अर्धे दे. आणि त्या पोस्टमनला म्हणावं, अजून तीन ग्लास रिकामे कर!"