बरा झाला तर

प्राण्यांच्या दवाखान्यात पाच खुर्च्या, दोन मांजरं आणि एक कुत्रा होता. मांजरवालीचे कान मात्र कुत्र्याच्या म्हाताऱ्या धनी-धनिणीकडे लागले होते.

"आपल्या कुत्र्याला गोचीड ताप म्हटल्याबरोबर लेकीनं तिकीट काढलं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला नुसता फोन!"

"तुला शेपूट नाही ना."

"चेष्टा पुरे. आज तो पोटभर जेवला, हे तिला सांगितलंत?"

"रक्ताचा रिपोर्ट येऊ दे."

"चांगला आला तर?"

"तर सांगावं लागेल."

"तिकीट रद्द करेल हो ती. तीन वर्षं झाली तिला बघून."

"मग काय, आजारीच ठेवायचा याला?"

"तसं कुठं म्हणतेय? गोळ्या तर मीच चारते, एकही न चुकवता."

डॉक्टर बाहेर आले.

"प्लेटलेट्स गेल्या आठवड्यात चाळीस हजार होत्या. आज दोन लाख चाळीस हजार. बरा झाला की हा!"